चालत्यांचं भांडण, उभ्यांची जागा

पुण्यात सायकल चालवणाऱ्याला ऐकावी लागणारी वाक्यं फार नाहीत. ‘ओ काका, ट्रॅक बांधलाय ना तुमच्यासाठी, मग मधे मधे काय करताय?’ हे सर्वांत जास्त ऐकू येणारं. त्याच्या खालोखाल ‘रोड टॅक्स आम्ही भरतो.’ आणि सिग्नलला गाठ पडलीच तर ‘नियम काय फक्त आम्हालाच?’ सायकलवाल्यांची उत्तरंही अशीच घासून गुळगुळीत झालेली आहेत. दोन्ही बाजूंना समोरचा माणूस बेशिस्त वाटतो. रस्त्याच्या कुठल्याही प्रश्नावरची आपल्याकडची चर्चा शेवटी ‘लोकांना शिस्तच नाही’ या वाक्याशी येऊन बसते, आणि एकदा बसली की उठत नाही.

हे आरोप एकेक करून तपासले तर मात्र गंमत होते. शिस्तीचा मुद्दा हळूहळू मागं पडतो आणि शेवटी हातात उरते ती रस्त्याची रुंदी, आणि त्या रुंदीत ठाण मांडून कोण बसलंय हा प्रश्न.

ट्रॅकपासून सुरुवात करू. डिसेंबर २००६ मध्ये पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेतून धावणारी बससेवा, सुरू झाली. केंद्राच्या नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेतून पैसा आला होता, आणि त्या काळात बसच्या मार्गिकांबरोबर सायकलसाठीही पट्ट्या बांधल्या गेल्या. त्यातल्या एखाद्या ट्रॅकवरून अर्धा किलोमीटर जाऊन पाहावं. पेव्हर ब्लॉक असल्यामुळे हँडल सतत थरथरत असतं. दर सोसायटीच्या फाटकापाशी ट्रॅक खाली उतरतो आणि पलीकडे पुन्हा वर चढतो. मधेच विजेचा डीपी बॉक्स, मग बसथांब्याची पाठ, मग ओळीनं लावलेल्या दुचाक्या. दुचाकीवाल्यांनी घुसू नये म्हणून तोंडाशी खांब रोवलेले, तेही इतके जवळ जवळ की मागं दुधाचे कॅन लावलेला माणूस अडकून पडावा. आणि चौक आला की ट्रॅक संपतो. म्हणजे जिथं सायकलवाल्याला संरक्षणाची सर्वांत जास्त गरज, नेमकं तिथं त्याला रहदारीत सोडून दिलेलं.

हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, कारण शहरातले सायकलचे अपघात मोठ्या प्रमाणात चौकात आणि वळणावर होतात. सरळ रस्त्यावर ट्रॅक असणं सोयीचं खरं, पण परीक्षा वळणावरच असते. समजा, सायकलवाला डाव्या कडेनं सरळ निघालाय आणि त्याच्या उजवीकडे बस आहे. बसला डावीकडे वळायचंय. चालक बसतो उजव्या अंगाला, म्हणजे सायकलवाल्यापासून सर्वांत लांब. काचेच्या खालचा आणि दाराजवळचा भाग त्याला दिसतच नाही. त्यात लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेवरून जात नाहीत. ती आतून, वळणाला अधिक चिकटून जातात. पुढचं चाक सायकलच्या पुढून सुखरूप निघून गेलेलं असतं, आणि मागचं चाक सायकलवाल्याला कडेशी चेपत आणतं. यात कुणी सिग्नल तोडलेला नसतो, कुणी दारू प्यायलेलं नसतं. आपल्या चौकांमध्ये याच्या जोडीला ‘फ्री लेफ्ट’ असतो. वळणाचा कोपरा ऐसपैस गोल करून ठेवलेला, म्हणजे गाडीला वेग कमी करायचं कारणच उरत नाही.

डच अभियंत्यांनी या वळणावर काढलेला तोडगा अगदी साधा आहे. कोपरा आवळायचा, म्हणजे गाडीला वेग कमी केल्याशिवाय वळताच येणार नाही. आणि सायकलचा ट्रॅक चौकाच्या तोंडाशी साधारण एका मोटारीच्या लांबीइतका, पाचएक मीटर, आत सरकवायचा. त्यामुळे गाडी आधी वळून सरळ होते आणि मग सायकलवाला तिच्या बाजूला नाही, समोर येतो. काचेतून चक्क दिसतो. एक गाडी थांबून राहील एवढी जागाही मधे मिळते, त्यामुळे मागच्यांचा हॉर्न सुरू होत नाही. लंडननं दुसऱ्या टोकानं सुरुवात केली. अवजड ट्रकच्या केबिनमधून चालकाला थेट किती दिसतं याचे तारे ठरवले आणि ज्यातून पुरेसं दिसत नाही अशा ट्रकांना शहरात परवाना देणं टप्प्याटप्प्यानं बंद केलं. ऑक्टोबर २०२४ पासून तीन ताऱ्यांखालच्या ट्रकला जादा सुरक्षा उपकरणं बसवल्याशिवाय तिथं परवाना मिळत नाही.

तेव्हा ‘ट्रॅक बांधलाय ना’ याचं उत्तर असं, की जे बांधलंय त्याला ट्रॅक म्हणायला कंत्राटदाराचं बिल सोडलं तर दुसरा आधार नाही.

कराचा मुद्दा लवकर आटपता येईल. मोटार वाहन कर राज्य सरकार घेतं, १९५८च्या कायद्यानुसार. शहरातले बहुतेक रस्ते मात्र महापालिका बांधते आणि तिची तिजोरी भरते मिळकतकरातून आणि सरकारी अनुदानांतून. पुण्यात २०१३ पर्यंत त्यात जकातीचा मोठा वाटा होता, आणि जकात तर साखरेच्या किलोमागं सगळेच भरत होते. भाड्याच्या खोलीत राहणारा सायकलवालाही घरभाड्यातून मिळकतकर भरतोच. झीज कोण करतं हेही पाहू. १९५०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात रस्त्यांवर ट्रक चालवून मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की रस्त्याचं नुकसान आसावरच्या वजनाच्या चौथ्या घातानं वाढतं. माणसासकट सायकल शंभर किलो आणि मोटार बाराशे किलो धरली तर वजन बारा पट आणि झीज वीस हजार पटींहून जास्त. या हिशेबानं कर लावायचा तर सायकलवाल्यानं आनंदानं भरावा. तसा तो एके काळी भरतही होता. नगरपालिका सायकलवर कर घेऊन पितळेचा बिल्ला द्यायच्या आणि तो चाकाजवळ ठोकलेला असायचा.

त्या काळातल्या पुण्याबद्दल बोलताना माणसं हळवी होतात, पण तेव्हाही सायकलवाला आणि कायदा यांचं सूत जमलेलं नव्हतंच. दिवा नाही म्हणून पकडलं, डबलसीट म्हणून पकडलं, हे घरोघरचे किस्से. फरक इतकाच, की तेव्हा रस्ता सायकलवाल्याचा होता. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची शिफ्ट सुटली की सायकलींचा लोंढा निघायचा आणि मोटारवाल्यालाच कडेला थांबून वाट पाहावी लागायची. मग १९७२ मध्ये कायनेटिकची लुना आली, त्याच सुमारास आकुर्डीहून बजाजची चेतक. म्हणजे ज्या कारखान्यांनी पुणेकराला सायकलवरून उतरवलं ते दूरदेशीचे नव्हते, आपल्याच परिसरातले होते, आणि तिथं कामाला जाणारे कितीतरी जण सायकलवरूनच जात. आज कट मारून जाणाऱ्या दुचाकीस्वाराच्या वडिलांनी किंवा आजोबांनी आयुष्यभर सायकल हाणलेली असते. त्यामुळे सायकलवाले आणि गाडीवाले अशा दोन जमाती असल्यासारखं आपण बोलतो ते निदान इथं तरी खोटं आहे.

ऑस्ट्रेलियात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याच संदर्भात वाचण्यासारखा आहे. माकडापासून माणसापर्यंतच्या उत्क्रांतीचं ते ओळखीचं चित्र लोकांपुढं ठेवलं आणि सायकलस्वाराला यात कुठं बसवाल असं विचारलं. सायकल न चालवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी त्याला पूर्ण माणसाच्या अलीकडेच कुठंतरी उभं केलं. आणखी मजा म्हणजे सायकल चालवणाऱ्यांपैकीही जवळपास तीस टक्क्यांनी तेच केलं! ज्यांनी असं केलं त्यांच्यात सायकलस्वाराला मुद्दाम अडवणं, अंगावर गाडी घालणं हे प्रकारही जास्त आढळले. ऑक्टोबर २०२४ मध्ये पॅरिसच्या ऐन मध्यभागी भांडणातून मोटारचालकानं एका सत्तावीस वर्षांच्या सायकलस्वाराच्या अंगावर गाडी घातली आणि तो जागीच गेला. पॅरिस सायकलींनी भरून गेलं होतं त्याच काळात हे घडलं.

इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाच्या इयन वॉकर या मानसशास्त्रज्ञानं तर सायकलला अंतर मोजायचं यंत्र लावून स्वतःच सायकल हाणली. ओव्हरटेक करणाऱ्या अडीच हजारांच्या आसपास गाड्या मोजल्या. त्यानं हेल्मेट घातलं की गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर अधिक जवळून जात, आणि लांब केसांचा टोप घालून बाईचं सोंग घेतलं की चौदा सेंटिमीटर लांबून. या प्रयोगात त्याला एका बसनं आणि एका ट्रकनं धडकही दिली. त्याच्या आकडेमोडीवर पुढं इतर संशोधकांनी आक्षेप घेतले आणि हेल्मेटचा वाद अजून मिटलेला नाही. हेल्मेट डोकं वाचवतं, ते जरूर घालावं. पण अपघात होऊ नये यासाठी त्याचा उपयोग नाही, आणि सायकल सुरक्षेवरची आपल्याकडची बहुतेक भाषणं तिथंच संपतात.

आता सिग्नल. इथं सायकलवाल्यांची बाजू लंगडी आहे हे मान्यच करायला हवं. रात्री बिनदिव्याची, काळ्या कपड्यातली, उलट्या दिशेनं येणारी सायकल पाहून कुणाच्याही पोटात गोळा येईल. साधा लाल परावर्तकही नसतो. मात्र उलट्या दिशेनं तो का येतो, हेही विचारावं. पुण्याचे जंगली महाराज आणि फर्ग्युसन हे जोडरस्ते एकदिशा केले, तसे इतरही बरेच. मोटारीला एका चौकाचा वळसा म्हणजे दोन मिनिटं. चढावर पायडल मारणाऱ्या माणसाला तोच वळसा घामाघूम करतो, आणि वर एकदिशा झालेल्या रस्त्यावर गाड्या आधीपेक्षा भरधाव जायला लागतात. थांबण्याचंही तसंच. माणूस आणि सायकल मिळून शंभर किलोच्या आसपास. थांबून पुन्हा ताशी अठरा किलोमीटरचा वेग घ्यायचा तर सपाट रस्त्यावर शंभरएक मीटर सायकल मारण्याइतकी ताकद खर्ची पडते. मोटारवाल्याला ती अंगठ्याखाली फुकट मिळते. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यानं १९८२ मध्येच कायदा करून टाकला, की थांबा असं लिहिलेल्या पाटीपाशी सायकलवाल्यानं वेग कमी करावा, बघावं, आडवं कुणी नसेल तर पुढं जावं. त्यानंतर तिथं काही आभाळ कोसळलं नाही. पुढं इतरही राज्यांनी तसे कायदे केले.

पण खरं सांगायचं तर नियम कोण जास्त मोडतो याची मोजदाद करत बसण्यात अर्थ नाही. कारण जीव जायचा की वाचायचा हे बऱ्याचदा वेगावर ठरतं, आणि तिथं हिशेब अगदी कोरडा आहे. समोर काहीतरी आडवं आलंय हे कळून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ३० किलोमीटरनं चाललेली मोटार त्या सेकंदात आठ मीटर पुढं जाते आणि कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक असतील तर आणखी पाच मीटरांत थांबते. एकूण तेरा मीटर. ताशी ५०नं चाललेली मोटार त्या पहिल्या सेकंदातच जवळपास चौदा मीटर गेलेली असते. म्हणजे पहिली गाडी जिथं पूर्ण थांबली, तिथं दुसरीचा चालक अजून ब्रेक दाबतोच आहे. त्या जागी सायकलवरचा पोरगा असेल तर पहिली गाडी त्याच्या अलीकडे उभी राहील आणि दुसरी त्याला पूर्ण ५०च्या वेगानं उडवेल. दोन्ही चालक तितकेच सावध, तितकेच सज्जन. पॅरिसनं ऑगस्ट २०२१ मध्ये आणि ॲमस्टरडॅमनं डिसेंबर २०२३ मध्ये शहरातल्या बहुतेक रस्त्यांवर ३०ची मर्यादा घातली ती याच हिशेबानं.

आपल्याकडे उलट वाटतं, की गर्दीमुळे अपघात होतात आणि रुंद, मोकळा रस्ता सुरक्षित. २८ फेब्रुवारी २०२४च्या पहाटे नवी मुंबईच्या पाम बीच रस्त्यावर अवतार सैनी सायकलवरून चालले होते. वय ६८. इंटेलच्या ३८६ आणि ४८६ या मायक्रोप्रोसेसरांच्या घडणीत ज्यांचा हात होता, ते हे गृहस्थ. मागून आलेल्या टॅक्सीनं त्यांना धडक दिली आणि ते वाचले नाहीत. त्या रस्त्यावर पहाटे ना गर्दी होती, ना अरुंद बोळ. तो रस्ता सरळ आहे, लांबलचक आहे, आणि जोरात हाकायला बोलावणारा आहे. वेगमर्यादेची पाटी काहीही म्हणो, चालक रस्त्याची रुंदी वाचतो.

ही बातमी झाली, कारण माणूस नावाजलेला होता. सायकलवर मरणारे बहुतेक जण बातमीत येत नाहीत. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या नोंदींनुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात सुमारे तीन टक्के सायकलस्वार, १९.५ टक्के पादचारी आणि ४४.५ टक्के दुचाकीस्वार. हे तीन टक्के कोण, तर वॉचमन, गवंडी, पेपर टाकणारे, रात्रपाळी संपवून एमआयडीसीतून परतणारे. २०११च्या जनगणनेत ४४.८ टक्के घरांत सायकल होती आणि मोटार ४.७ टक्के घरांत. लायक्रा घालून रविवारी सिंहगडाच्या दिशेनं जाणाऱ्यांना आवाज असतो. वर्तमानपत्रात त्यांची पत्रं छापून येतात, हुज्जतही तेच घालतात. वॉचमन हुज्जत घालत नाही. तो कडेच्या खड्ड्यातून जातो.

या मुक्या सायकलस्वारांचं काय करायचं, यावर कोलकात्यानं एक उत्तर काढून पाहिलं. २०१३ मध्ये तिथल्या पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकलला बंदी घातली. कारण दिलं ते रहदारीच्या खोळंब्याचं आणि सुरक्षिततेचं. दूधवाले, मासळीवाले, वायरमन असे रोजचे लोक दंड भरू लागले. बराच गदारोळ झाल्यावर यादी छोटी केली गेली, पण बंदी पूर्ण उठली नाही. सायकलच हटवली की सायकलचे अपघात होत नाहीत हे खरंच, पण या न्यायानं पादचारीही हटवायला हवेत. शिवाय यात एक उलटी गोम आहे. पीटर जेकबसन या अमेरिकी संशोधकानं २००३ मध्ये बऱ्याच शहरांचे आणि देशांचे आकडे तपासून दाखवलं, की सायकलस्वार दुप्पट झाले तर प्रत्येकाचा धोका साधारण एकतृतीयांशानं घटतो. चालकाच्या नजरेला सवय लागते, वळताना तो आपोआप बघतो. सायकली कमी करत नेल्या की उरलेल्या सायकलवाल्याचा धोका वाढतो.

नेदरलँड्सनं उलट वाट धरली, पण ती काही त्यांच्या रक्तात होती म्हणून नव्हे. पन्नास आणि साठच्या दशकांत ॲमस्टरडॅममध्येही सायकली भराभर कमी होत होत्या, कालवे बुजवून हमरस्ते करायच्या योजना निघत होत्या. १९७१ मध्ये त्या छोट्याशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. विक लांगेनहोफ नावाच्या पत्रकाराची मुलगी शाळेत जाताना गाडीखाली गेली. त्यानं १९७२ मध्ये आपल्या वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि मथळा दिला, ‘मुलांचे खून थांबवा’. अपघात हा शब्द त्यानं जाणूनबुजून टाळला होता. त्या मथळ्याच्याच नावानं संघटना उभी राहिली. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर उतरले, मोहल्ल्यांनी गल्ल्या अडवून मुलांना खेळायला मोकळ्या केल्या. पुढच्याच वर्षी तेलाचं संकट आलं आणि ४ नोव्हेंबर १९७३ पासून काही रविवार देशभर मोटारी बंद राहिल्या. महामार्गांवर लोक स्केट्स घालून फिरले. रस्ता मोटारींवाचून कसा दिसतो हे एका पिढीनं प्रथमच पाहिलं. १९७५ मध्ये सायकलस्वारांचा संघ स्थापन झाला, हेगमध्ये आणि टिलबर्गमध्ये सरकारी खर्चानं प्रायोगिक सायकलमार्ग बांधले गेले.

हेगमध्ये मोठं भांडण झालं, आणि ते चालकांशी नव्हे तर दुकानदारांशी. दारातली पार्किंगची जागा गेली म्हणून ते चिडले होते. हे आपल्या लक्ष्मी रस्त्याला सांगायची गरज नाही.

डच कायद्यातलं एक कलमही लोक नेहमी चुकीचं सांगतात. तिथं मोटारवाला कायम गुन्हेगार ठरतो, असं आपल्याकडे ऐकवलं जातं. तसं नाही. फौजदारी गुन्ह्याशी त्या कलमाचा संबंध नाही. प्रश्न फक्त भरपाईचा आहे. मोटारीनं सायकलस्वाराला किंवा पादचाऱ्याला इजा केली, तर त्याचं वय चौदाच्या आत असल्यास जवळपास नेहमी पूर्ण भरपाई, आणि त्याहून मोठा असल्यास त्याची चूक असली तरी साधारणपणे निदान अर्धी, मोटारवाल्याच्या विम्यातून जाते. जड आणि वेगवान वस्तू रस्त्यावर आणणाऱ्यानं त्या वस्तूचा धोका सोबत वागवावा, इतकाच त्यातला विचार. आपल्या मोटार वाहन कायद्यालाही हा विचार अनोळखी नाही. दुरुस्तीनंतर आलेलं कलम १६४ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार चूक कुणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळू शकतात. गाडी ठोकून पळून गेलेली असेल तर वेगळ्या योजनेतून दोन लाख आणि पन्नास हजार. जिल्ह्यात असा अर्ज कुठं करायचा हे वॉचमनच्या घरच्यांना कोण सांगणार, हा प्रश्न निराळा.

डच लोकांचं सगळं गोडच आहे असंही नाही. २०२२ मध्ये तिथं रस्त्यांवर ७४५ माणसं गेली आणि त्यांतले २९१ सायकलस्वार होते, मोटारींत मेलेल्यांपेक्षा जास्त. त्यांत म्हाताऱ्या माणसांचं प्रमाण मोठं आणि बॅटरीवरच्या सायकलींचा वाटाही बराच. आता तिथली हुज्जत सायकलमार्गाच्या आतच चालते, बॅटरीवाल्यांनी किती जोरात जावं यावर. पण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी जे वादाचं मूळ होतं, जागेचं, ते त्यांनी पुरतं सोडवलं नसलं तरी हात घालून हलवलं. ॲमस्टरडॅमनं २०१९ मध्ये ठरवलं, की २०२५ अखेरपर्यंत रस्त्यावरच्या ११,२०० पर्यंत पार्किंगच्या जागा कमी करायच्या आणि तिथं झाडं, पदपथ, सायकली आणायच्या. पॅरिसनं फेब्रुवारी २०२४ मध्ये जड मोटारींचं पार्किंग तिप्पट महाग करावं का, असं सार्वमत घेतलं. मतदानाला फक्त साडेपाच-सहा टक्के लोक आले, पण कौल होकारार्थी आला आणि शहराच्या मध्यभागी बाहेरून येणाऱ्या जड गाडीला तासाला १८ युरो लागू लागले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पॅरिस शहरातल्या आतल्या प्रवासांपैकी ११.२ टक्के सायकलवर आणि ४.३ टक्के मोटारीनं होत असल्याचं दिसलं.

आता पुण्याची रुंदी मोजू. कडेला उभ्या मोटारीला दोन ते अडीच मीटर लागतात. एका दिशेच्या धड सायकल ट्रॅकला दोन मीटर पुरतात. म्हणजे वादातली पट्टी एकच आहे. डोनाल्ड शूप या अमेरिकी प्राध्यापकानं पार्किंगवरच आयुष्य घातलं. त्याचा हिशेब सांगतो, की मोटार तिच्या आयुष्यातला ९५ टक्के वेळ नुसती उभी असते. उभी मोटार कडेची पट्टी खाते, चालत्या मोटारीला मधे ढकलते, सायकलवाल्याला त्या दोघींच्या फटीत घालते. वरून कुणीतरी न बघता दार उघडतो. (उजवीकडे बसलेल्यानं दार डाव्या हातानं उघडावं, म्हणजे मान आपोआप मागं वळते. युरोपातल्या काही देशांत हे चालकांना शिकवतात, इथं रिक्षातून उतरणाऱ्यालाही कुणी सांगत नाही.) फटीतला सायकलवाला आणि त्याच्या मागं अडकलेला मोटारवाला एकमेकांना ‘ओ काका’ करत असतात, तेव्हा उभ्या मोटारीचा मालक दुकानात साडी बघत असतो. त्याला या भांडणाचा पत्ताही नसतो.

पुणे महापालिकेनं डिसेंबर २०१७ मध्ये शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या पिवळ्या-केशरी सायकलीही आल्या आणि दोनेक वर्षांत दिसेनाशा झाल्या. आराखडा मंजूर झाल्यावर काही महिन्यांनी, मार्च २०१८ मध्ये, पार्किंग धोरण सर्वसाधारण सभेत आलं. रस्त्यावर गाडी लावायला तासानुसार पैसे, हा त्याचा गाभा. विरोध इतका झाला की संपूर्ण शहरासाठीचं धोरण पाच रस्त्यांवरच्या प्रयोगापुरतं उरलं, आणि तोही प्रयोग वर्षानुवर्षं रखडत राहिला. सायकल आराखड्याला सभागृहात एवढा विरोध कुणी केला नव्हता, कारण त्यात कुणाच्या दारातली जागा जाईल असं कुणाला वाटलं नव्हतं. मुंबईतही वांद्रे-कुर्ला संकुलात २०११च्या सुमारास सायकल ट्रॅक झाला. तो गाड्या लावायला वापरला गेला आणि गेला. नंतर पुन्हा बांधला, आणि २०२५ मध्ये वाहनांसाठी मार्गिका वाढवायची म्हणून तोही काढायचं ठरलं.

किलोमीटरभर रस्त्याच्या दोन्ही कडांना ओळीनं मोटारी लावल्या, एकीला सहा मीटर धरले, तर तीनशे तीसच्या आसपास बसतात. त्याच दोन पट्ट्यांवरून दिवसभरात जाऊ शकणाऱ्या सायकली हजारांत मोजाव्या लागतील. पण त्या तीनशे तीस गाड्यांचे मालक आणि त्यांची वाट पाहणारे दुकानदार नगरसेवकाला नावानिशी ठाऊक असतात. अजून न आलेल्या सायकलवाल्यांना तो ओळखत नाही, आणि जो वॉचमन आधीपासून त्या रस्त्यानं येतोय त्याचं मत बहुधा गावाकडच्या यादीत असतं.